भाकरी तीच, आकडे वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहाच्या रुग्णांनी रोजच्या खाण्याची नोंद मोबाइलवरील अॅपमध्ये ठेवावी, असा सल्ला हल्ली डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळेच देतात. गेले चार महिने मी असे एक अॅप नियमाने वापरत आहे. त्यात दिसणाऱ्या कॅलरींच्या आकड्यांवर कितपत भिस्त ठेवावी, याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

आम्ही निपाणीकर घरात मराठी बोलतो आणि बाजारात कन्नडही बोलतो, त्यामुळे पदार्थांची दोन्ही नावे आमच्या तोंडी असतात. मी अॅपमध्ये ‘ज्वारीची भाकरी’ शोधली, तेव्हा एका भाकरीला ११० कॅलरी दिसल्या. दुसऱ्या दिवशी सुनेने त्याच अॅपमध्ये ‘जोळद रोट्टी’ शोधली, तर आकडा आला १८२. पीठ एकाच गिरणीतले, तवा एकच आणि थापणारे हातही तेच. भाषा बदलली की भाकरीत ७२ कॅलरींची भर पडते, हे सीमाप्रश्नाच्या इतक्या वर्षांत आम्हाला कोणी सांगितले नव्हते! आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिवसाला १५०० कॅलरींची मर्यादा घालून दिली आहे. चार भाकऱ्यांमागे हा फरक २८८ कॅलरींचा होतो, म्हणजे मर्यादेचा जवळजवळ पाचवा हिस्सा.

शेवटी वजनकाटा आणला. आमच्या घरच्या एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ कॅलरी असतात, त्या हिशेबाने एका भाकरीच्या २०० झाल्या. म्हणजे अॅपमधील दोन्ही आकडे आमच्या भाकरीला लागू नव्हते. ते खोटेच होते असेही मला म्हणता येत नाही, कारण कोणाच्या तरी घरी ३३ ग्रॅमची फुलक्याएवढी भाकरी होत असेलही. पण ती किती ग्रॅमची, हे त्या नोंदीत कुठेच लिहिलेले नव्हते आणि माझी मूळ तक्रार हीच आहे.

पुष्कळशा अॅपमध्ये वापरणाऱ्यांना स्वतः पदार्थ भरण्याची मुभा असते आणि त्या नोंदी पुढे इतरांनाही दिसतात. भरणाऱ्याने कच्चे वजन धरले की शिजलेले, यावर सगळे अवलंबून असते. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात, तर शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३०, कारण उरलेले वजन पाण्याचे असते. भाकरीचेही तसेच आहे. तव्यावरून उतरलेली आमची भाकरी पाण्यासकट ९० ग्रॅम भरते, आणि तेवढ्याच वजनाचे पीठ नोंदवले तर हिशेब थेट ३०० वर जातो. उलट तीच भाकरी वाळवून कडक केली, तर वजन घटते पण कॅलरी तेवढ्याच राहतात. मापांचा गोंधळ याहून मोठा आहे. ‘एक चमचा तेल’ म्हणजे चहाचा चमचा की पोह्याचा? पाच मिलिलिटरला सुमारे ४० कॅलरी आणि पंधरा मिलिलिटरला १२०, इतके अंतर त्या एका शब्दात दडलेले आहे. आमच्याकडे तर फोडणीचे तेल किटलीतून धारेने पडते, त्याला चमचाच नसतो. पाहुण्यांनी बेळगावहून आणलेला कुंदा, म्हणजे दुधाची मऊ रवाळ मिठाई, नोंदवायला गेलो, तर अॅपने विचारले, ‘किती तुकडे?’

प्रयोगशाळेतील आकडेही दगडावरची रेघ नसतात, हे मान्य करावे लागेल. प्रथिने आणि कर्बोदकांना ग्रॅममागे ४ व स्निग्धांशाला ९ कॅलरी, हा गुणक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अॅटवॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने बसवला आणि तोच आजही सर्वत्र चालतो. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी २०१२ साली अख्खे बदाम प्रत्यक्ष माणसांना खायला घालून मोजले, तेव्हा २८ ग्रॅममधून शरीराला या गुणकाने येणाऱ्या १७० ऐवजी १२९ कॅलरीच मिळतात असे आढळले. तरीही असा फरक शोधून, मोजून प्रसिद्ध केला जातो. अॅपमधील ११० मागे कोण आहे, हे मात्र शोधायला जागाच नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थांपुढे कॅलरी लिहिणे बंधनकारक केले आहे. आमच्या खानावळींना तो नियम लागू नाही आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नाही. परंतु वर्गणी घेऊन आरोग्याचा सल्ला देणाऱ्या अॅपनी प्रत्येक नोंदीपुढे पदार्थाचे वजन, ते कच्चे की शिजलेले आणि आकड्याचा स्रोत, एवढे तरी दाखवावे. लोकांनी भरलेल्या आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या नोंदी वेगळ्या रंगात दिसाव्यात. इन्सुलिन घेणारे रुग्ण याच नोंदींतील कर्बोदकांकडे पाहून मात्रा ठरवू लागले, तर चूक केवळ वहीत राहत नाही.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, मांडे, कर्दंट या आपल्याकडच्या पदार्थांचा ग्रॅमच्या वजनासह तक्ता एखाद्या आहारतज्ज्ञांकडून करून घेऊन छापावा, ही विनंती. पदार्थांची नावे मराठीसोबत कन्नडमध्येही द्यावीत, म्हणजे सुनेचा आणि माझा हिशेब जुळेल.

कळावे,
आपला एक वाचक,
निपाणी, जि. बेळगाव