शॉर्ट स्केल बास नादुरुस्त ठरवण्यापूर्वी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांत आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत ऑर्गन, तबला व ऑक्टोपॅड यांच्या जोडीला आता काही तरुण खर्जाचे सूर देणारा बास गिटारही वाजवू लागले आहेत. त्यांच्यापैकी अनेक जण ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केल बास घेतात, कारण तो हलका असतो, डाव्या हाताची बोटे फार ताणावी लागत नाहीत आणि मोटारसायकलवर पाठीला अडकवून नेता येतो. मात्र थोड्याच काळात तारा झणझणतात, वरच्या पट्टीत सूर जुळत नाही, स्पीकरमधून सतत घूं-घूं ऐकू येते अशा तक्रारी सुरू होतात. गिटार दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या गावीही सहसा सापडत नाही, आणि चांगले वाद्य मातीमोल भावाने विकले जाते. मी या भागात अनेक हंगाम असाच बास वाजवत आलो आहे व इतरांचेही बास तपासून दिले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की अशा बहुतेक वेळी दोष वाद्यात नसून तारांत, हवेत किंवा मंडपाच्या विजेत असतो.

शॉर्ट स्केल म्हणजे नवशिक्यांचे दुय्यम वाद्य, हा समज आधी दूर व्हायला हवा. वरच्या टोकाला तार जिच्यावर टेकते त्या पट्टीपासून (नट) खाली तार अडकवलेल्या भागापर्यंत (ब्रिज) मोकळ्या कंपणाऱ्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये आणलेल्या प्रिसिजन बासची ही लांबी ३४ इंच होती व पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. परंतु गिब्सनने १९५३ मध्ये काढलेला बास साडेतीस इंची होता, आणि बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्या हातात जगाने पाहिलेला, व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बासही ३० इंचीच आहे.

लांबी कमी झाल्याने नेमके काय बदलते, हे कळले की निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. तीच तार त्याच सुराला लावली, तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून ३० इंची बासवर तो ३४ इंचीच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी कमी राहतो. तार सैल असल्याने तिची झेप मोठी होते आणि जोराने छेडल्यास ती फ्रेटवर, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटते. अशा वेळी ब्रिजवरील सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) उचलून तारा उंच करण्याऐवजी थोड्या जाड तारा लावाव्यात, उदाहरणार्थ सर्वांत जाड ई तार ०.१०० ऐवजी ०.१०५ इंचाची, आणि उजवा हात हलका ठेवावा. तारा शॉर्ट स्केलसाठीच बनवलेल्या घ्याव्यात, याबाबत मी आग्रही आहे. दुकानदार सरसकट ३४ इंची बासच्या तारा देतात. त्या तारांचा पूर्ण जाडीचा भाग खुंटीवर गुंडाळला जातो, त्यामुळे तार नीट बसत नाही, सूर उतरत राहतो, क्वचित तार खुंटीपाशीच तुटते. नाइलाजाने लांब तार कापावीच लागली, तर जिथे कापायची त्याच्या अलीकडे आधी काटकोनात वाकवून मगच कापावी, नाहीतर वरचे वेटोळे आतल्या गाभ्यावरून सुटून तार निर्जीव वाजते.

वरच्या पट्टीत सूर जुळत नसेल, तर बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर त्याच जागच्या हार्मोनिकशी, म्हणजे तार न दाबता बोट नुसते टेकवून काढलेल्या सुराशी, ट्यूनरवर जुळवून पाहावा. दाबलेला सूर चढा असेल, तर सॅडल नेकपासून (वाद्याच्या लांब मानेपासून) दूर सरकवावे. उतरता असेल, तर जवळ आणावे. एक स्क्रू-ड्रायव्हर किंवा एल-की एवढेच साहित्य त्यासाठी पुरते, पण जुन्या तारांवर ही जुळवणी करण्यात अर्थ नसतो.

आपल्या हवेचा भाग यापेक्षा गंभीर आहे. ब्रह्मपुरी-चंद्रपूरच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो व हवा कोरडी ठाक होते; त्यानंतर धानाच्या रोवणीच्या दिवसांत भिंतींनाही ओल येते. लाकूड या दोन टोकांमध्ये आकसते आणि फुगते, तसा नेकचा बाक बदलतो. उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसल्याने फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन बोटाला लागतात. बाक तपासायचा तर पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरावा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण व्हिजिटिंग कार्डाइतकी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट आहे का ते पाहावे. फट अजिबात नसेल व पहिल्या काही फ्रेटवरच तार झणझणत असेल, तर नेकच्या आतली, बाक सांभाळणारी धातूची सळी (ट्रस रॉड) किंचित सैल करावी. फट फारच मोठी असेल, तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळावी. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि लाकूड स्थिर होण्यासाठी एक दिवस थांबावे. रॉड अडली तर जोर लावू नये, कारण ती तुटली की नेकच निकामी होते. पत्र्याच्या छताखाली, टेम्पोच्या टपावर किंवा उन्हात उभ्या गाडीत बास ठेवणे टाळले, तर ही वेळ फार क्वचित येते.

आवाज अचानक बंद पडला, तर पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) जळाला असे निदान सर्रास केले जाते. प्रत्यक्षात आधी केबल बदलून पाहावी, मग जॅक, म्हणजे केबल खोचण्याची जागा, पाहावी. जॅक आवळणारा नट ढिला होऊन जॅक आतल्या आत फिरतो व आतली वायर सोल्डरमधून निखळते, हा मी पाहिलेला सर्वांत नेहमीचा बिघाड आहे आणि गावातील रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीरही तो पाच मिनिटांत काढून देऊ शकतो. बॅटरी नसलेल्या साध्या बासचा व्हॉल्यूम पूर्ण उघडून केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला, तर काही हजार ओहम दिसायला हवेत. तसे दिसले, तर पिकअप शाबूत आहे. नऊ व्होल्टची बॅटरी असलेल्या बासमध्ये केबल लावून ठेवली की बॅटरी उतरत राहते. आवाज फाटू लागला, तर प्रथम ती बदलावी. नॉब फिरवताना खरखर आली, तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो.

घूं-घूं हा मात्र स्वतंत्र आणि जिवाशी संबंधित विषय आहे. तारांना हात लावताच ती कमी होत असेल, तर बासचे अंतर्गत ग्राउंड ठीक आहे. हात लावूनही काही फरक पडत नसेल, तर ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची तार तुटलेली असू शकते. पण बासच्या तारांवर हात असताना ओठ माइकला लागून झिणझिण्या आल्या, तर तो वाद्याचा दोष समजून वाजवत राहू नये. अँप किंवा मिक्सरच्या धातूच्या भागात वीज उतरली आहे, हे त्याचे लक्षण आहे. लगेच वादन थांबवून मुख्य स्विच बंद करायला सांगावे. आपल्याकडे मंडपाचा पुरवठा अनेकदा तात्पुरत्या दोन तारांवर किंवा जनरेटरवर घेतला जातो, थ्री पिनच्या सॉकेटला अर्थिंग जोडलेलेच नसते, आणि घूं-घूं जावी म्हणून काही ठिकाणी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. त्या पिनेमुळेच एरवी वादकाचा जीव वाचतो, म्हणून ती काढण्याची ही पद्धत मला अत्यंत धोकादायक वाटते.

दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतील. त्यापूर्वी आयोजक मंडळांनी साउंडवाल्याशी बोलणी करतानाच परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घेण्याची आणि पुरवठ्यावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवण्याची अट घालावी. मंडपाच्या एकूण खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. वडसा (देसाईगंज) येथील नाटक कंपन्यांनीही आपल्या करारात ही अट लिहून घ्यावी, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक बासवादक वाचक
तालुका देसाईगंज, जिल्हा गडचिरोली