काचेआडच्या हातांचे आभार

व्यंगचित्रकार शंकर यांना भेट मिळालेल्या हंगेरीच्या एका बाहुलीपासून सुरू झालेला संग्रह १९६५पासून दिल्लीच्या नेहरू हाउसमध्ये आहे. देशोदेशीच्या त्या हजारो बाहुल्या आजही नीटनेटक्या दिसतात, त्या काही आपोआप नाही. रेशमाच्या चुण्यांत धूळ साचते. ओल्या फडक्याने पुसली तर रंग पसरतो, झटकली तर जुना, विरलेला धागा तुटतो. म्हणून कोरडा मऊ ब्रश, वरून खाली, एकेक चुणी. टाचणी गंजली की कापडावर तांबूस डाग पडतो, आणि तो सहसा निघत नाही. त्याआधीच ती बदलावी लागते. हे चिकाटीचं काम करणाऱ्यांचे, आणि तिथल्याच कार्यशाळेत इवल्याशा देहांना प्रांतोप्रांतीचे पेहराव चापूनचोपून चढवणाऱ्या कारागिरांचे मनापासून आभार.