पावलाच्या शस्त्रक्रियेआधी भुलेचे पर्याय सांगा

महोदय,

मधुमेहामुळे चिघळलेली जखम साफ करणे, काळे पडलेले बोट काढणे, अंगठ्याचे वाकडे हाड सरळ करणे, अशा पावलावरच्या शस्त्रक्रियांपूर्वी रुग्णाला बहुधा दोनच वाटा सांगितल्या जातात: कमरेत इंजेक्शन किंवा पूर्ण भूल. अनेकदा त्याही सांगितल्या जात नाहीत. चष्मा आणि कवळी नातेवाइकांच्या हाती गेल्यावर ट्रॉलीवर आडव्या असलेल्या रुग्णाची संमतीपत्रावर सही घेताना मी परिचारिका म्हणून पुष्कळदा पाहिले आहे. तिला संमती म्हणणे मला जड जाते.

वास्तविक पावलाची संवेदना घोट्याजवळून जाणाऱ्या पाच नसांमधून वर जाते. त्यांच्याभोवती, किंवा सोनोग्राफीत पाहून गुडघ्यामागच्या नसेभोवती, बधिरतेचे औषध सोडले, की स्पिरिटचा बोळा पावलावर फिरवला तरी गार लागत नाही आणि रुग्ण जागा असतानाच काम होऊ शकते. कमरेतल्या इंजेक्शनाने रक्तदाब उतरू शकतो, लघवी अडकू शकते; म्हणून हृदय अशक्त असलेल्या वृद्धाच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी कमरेतल्या इंजेक्शनापूर्वी साधारण 5 ते 7 दिवस बंद ठेवावी लागते, घोट्यापाशी मात्र बहुधा तशी गरज पडत नाही. (अर्थात, गोळी स्वतःच्या मनाने कोणीही बंद करू नये.) शिवाय ब्युपिव्हॅकेन हे बधिरतेचे औषध वापरले असेल तर शस्त्रक्रियेनंतरही कित्येक तास ठणका जाणवत नाही.

हा उपाय सर्वांना लागू नाही. जंतुसंसर्ग घोट्यापर्यंत चढला असेल तर तिथे सुई घालता येत नाही, आणि रक्तस्राव रोखायला मांडीला आवळपट्टा बांधायचा असेल तर नुसते पाऊल बधिर करून भागत नाही. घाबरणाऱ्या रुग्णाला मिडॅझोलामसारखे गुंगीचे औषध देता येते. पण 'थोडी गुंगीच तर आहे' म्हणून सकाळी चहा-बिस्किटे देणारे नातेवाईक कमी नाहीत. गुंगी असली तरी घन आहार 6 तास आणि साधे पाणी 2 तास आधी बंद हवे, आणि श्वासावर लक्ष ठेवणारा भूलतज्ज्ञही शेजारी हवा.

म्हणून तातडीच्या शस्त्रक्रिया वगळता, भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशीच रुग्णाला भेटावे, हे पर्याय समजावून सांगावेत आणि मराठीतले संमतीपत्र रुग्णाच्या डोळ्यांवर चष्मा असताना त्याला वाचायला द्यावे, एवढी मागणी रुग्णालयांकडे आहे.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली