नाताळात आपल्या विश्वासाची साक्ष देताना : सभासदांना आठवण

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभु येशूच्या नावात सलाम.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार हां हां म्हणता सरतात, म्हणून आताच लिहितोय. या दिवसांत शेजारी, सहकारी आपणहून विचारतात, ‘नाताळ म्हणजे नेमकं काय?’ तेव्हा प्रवचन नको. बायबलमधलं लूक 2:1-20 आधीच वाचून ठेवा आणि गव्हाणीतल्या बाळाची गोष्ट आपल्या शब्दांत सांगा. वार्ता पहिल्यांदा मेंढपाळांना कळली, हे आवर्जून सांगा. पेत्राच्या पहिल्या पत्रात (1 पेत्र 3:15) उत्तर सौम्यतेने द्यायला सांगितलंय. वादात हरवून कोणी जवळ आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. भेटवस्तूला कसलीही अट जोडू नका. ज्यांच्या घरी यंदा दुःख झालंय, तिथे नुसतं जाऊन बसा. 25 डिसेंबरच्या उपासनेला कोणाला बोलावलंत, तर स्वतः सोबत घेऊन या.

– सचिव, मंडळी