कॅन्टीनची सवलत वाडीपर्यंत कधी येणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात बाजारच्या दिवशी एका ओळखीच्या गृहस्थांनी चारचौघांत मला ऐकवले, "तुम्हा फौजींचं बरं आहे, सगळं निम्म्या भावात." तिथे मी काही बोललो नाही, पण ते शब्द मनातून जाईनात. म्हणून हे पत्र.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनला आलो. पाटण तालुक्यात डोंगराच्या कुशीत आमची वाडी आहे. सैनिकांच्या कॅन्टीनमध्ये सगळे निम्म्या भावात मिळत नाही आणि फुकट तर काहीच मिळत नाही. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, हे संरक्षण मंत्रालयाचे खाते १९४८ साली सुरू झाले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत महर्षी कर्वे रस्त्यावर आहे. हे खाते कंपन्यांकडून थेट घाऊक माल घेते. तो डेपोमार्फत युनिटच्या कॅन्टीनमध्ये येतो आणि आम्ही कार्ड दाखवून, आमच्याच पेन्शनच्या पैशांनी तो विकत घेतो. मधले व्यापारी गळतात, त्यामुळे भाव उतरतो. शिवाय १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून खरेदीवरचा निम्मा कर सीएसडीला परत मिळतो. महिन्याला किती घ्यायचे त्याची मर्यादा कार्डावरच असते. एवढीच ही सवलत.

ती का दिली जाते, हेही सांगतो. राज्य सरकारी कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. आमचा साधा शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुले तेव्हा शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि पगाराच्या जागी पेन्शन येते. अशा घराला महिन्याच्या सामानात चार पैसे वाचले तर ते जाणवतात.

आता यातली जी गोष्ट मला खरोखर टोचते ती लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, शांपू यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. सगळ्या जनतेसाठी हे चांगलेच झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या बाजूने हिशेब करून पाहा. कर १८ टक्के होता तेव्हा निम्मा म्हणजे ९ टक्के सुटायचे. आता ५ चे अडीच सुटतात. गावातले दुकान आणि कॅन्टीन यांच्या भावातले अंतर या वस्तूंपुरते तेवढे कमी झाले. एसटीचे भाडे मात्र कमी झालेले नाही.

आमच्या वाडीतून कॅन्टीनला जायचे म्हणजे सकाळी सहाची गाडी धरायची, तालुक्याला उतरून दुसरी पकडायची आणि अकराच्या आसपास पोहोचायचे. टोकन घेऊन बसायचे. नंबर लागेपर्यंत कधी जेवणाची सुट्टी होते, कधी हवा तो माल संपलेला असतो. महिनाअखेरीला गेलात तर स्टॉक मोजण्यासाठी दार बंद. गुडघे धरलेला सत्तरीचा माणूस दोन पिशव्या घेऊन रात्री घरी परततो, तेव्हा वाचलेल्या पैशांतले निम्मे भाड्यात आणि चहापाण्यात गेलेले असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारा माझ्याच पलटणीतला जोडीदार संध्याकाळी फिरायला म्हणून निघतो आणि येताना सामान घेऊन येतो. हक्क दोघांचा सारखाच आहे.

त्याहून अवघड गोष्ट आमच्या शेजारच्या काकूंची. त्यांचे यजमान फौजेत नाईक या हुद्द्यावर होते, दोन वर्षांपूर्वी वारले. यजमानांचे कार्ड जमा करून काकूंना स्वतःच्या नावाचे कार्ड काढायचे आहे. अडले कशात, तर आधार कार्डावर त्यांच्या नावापुढे 'बाई' लागले आहे आणि पलटणीच्या रेकॉर्डला ते नाही. तेवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र, अर्ज, पुन्हा अर्ज आणि मग पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधला बदल नोंदवणारा फौजेचा आदेश, निघण्याची वाट. चार वेळा मी त्यांच्याबरोबर गेलो. प्रत्येक वेळी एक नवा कागद निघाला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे हेलपाट्यांचा भार थोडा हलका होतो एवढेच. माझ्या कार्डावर त्यांचे सामान आणणे नियमात बसत नाही, आणि नियम मोडणे मला जमत नाही. ज्या बाईने नवरा सरहद्दीवर असताना एकटीने शेती केली, सासूसासऱ्यांना सांभाळले, तिला दोन वर्षे साबण-तेलाची सवलत एका 'बाई'पायी मिळू नये, याचे मला फार वाईट वाटते.

मोटारसायकल, फ्रीज, टीव्ही अशा मोठ्या वस्तूंची नोंदणी जानेवारी २०२१ पासून ऑनलाइन झाली. सोय चांगली आहे. माझा मुलगा पुण्यात असतो, तो मोबाइलवर करून देतो. ज्यांचे कोणी पुण्यात नाही त्यांनी ओटीपी कुणाला विचारायचा?

दारूविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण कॅन्टीन म्हटले की लोकांना आधी बाटली दिसते. मी माळकरी आहे. तरी लग्नसराईत पाहुणे येतात आणि कार्डावर बाटल्या काढून द्या म्हणतात. मी देत नाही. पण काही जण कोट्यातली बाटली जास्त पैसे घेऊन बाहेर देतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या या बांधवांना हात जोडून सांगतो, हा गुन्हा आहे, आणि त्यापायी काकूंसारख्या बाईच्या तेलाच्या बाटलीकडेही लोक संशयाने बघतात. टोलचेही तसेच. १९०१ च्या कायद्यातली माफी कामावर असलेल्या सैनिकासाठी आहे. पेन्शनीत आलेल्याने नाक्यावर जुने ओळखपत्र दाखवून वाद घालू नये.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला काही दुकानांवर 'माजी सैनिकांना खास सूट' असा फलक लागतो. त्या भावनेचा मला आदर आहे. पण आमच्या तालुक्यातला एक औषध दुकानदार फलक न लावता वर्षभर वीरपत्नींच्या बिलातून काही रुपये वजा करतो. त्याने त्याची वाच्यता कधी केली नाही, म्हणून मीही त्याचे नाव लिहीत नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या पोरे पलटणीत जातात. अशा जिल्ह्यात महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला, फिरत्या कॅन्टीनची गाडी तालुक्याच्या गावी यायला हवी. साबण, तेल, चहा, डाळी एवढे आणले तरी चालेल, दारू आणूच नये. त्याच दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातला एक माणूस टेबल टाकून बसला, तर कार्डाचे अर्ज, नावातल्या दुरुस्त्या आणि ऑनलाइन नोंदणी तिथेच होतील. तालुक्याची जागा आम्ही माजी सैनिक मिळवून देऊ, झाडलोट करू, रांगही लावू. संबंधित अधिकाऱ्यांनी फक्त तारीख द्यावी.

तोवर काकूंचा पाचवा अर्ज गेला आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावले आहे. सहाच्या गाडीने आम्ही निघू.

आपला,
एक माजी हवालदार,
ता. पाटण, जि. सातारा