समासातली पेन्सिलची रेघ

प्रिय आई आणि बाबा,

तुम्हां दोघांना सलाम.

फोनवर बोलायला गेले की गळा दाटतो आणि मी घाईने ठेवून देते, म्हणून लिहिते आहे.

स्पर्धा परीक्षेची यादी लागून चार महिने झाले. दोन गुणांनी राहिलं. सात वर्षं अभ्यासिकेत काढली, एकदा मुलाखतीपर्यंत पोचले, आता वयही उलटलं. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हे, की त्या दिवसापासून मी प्रार्थना सोडली होती. ‘उपासनेला जाऊन आले’ असं दर रविवारी सांगायचे, ते खोटं होतं. खोलीवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. बाबा, रागावू नका. उपास केले, दशमांश चुकवला नाही, पहाटे चारला गुडघे टेकले. माझ्याकडून मी सगळं केलं आणि देवाने शब्द मोडला, असंच मनात घोळत होतं.

गेल्या आठवड्यात पुस्तकं रद्दीत घालायला काढली. पेटीच्या तळाशी आजोबांचं पवित्र शास्त्र निघालं. पुण्याला निघाले तेव्हा आईने पिशवीत घातलं होतं ते. चाळता चाळता हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर थांबले. समासात पेन्सिलने दोनच शब्द आहेत: ‘१९७२, खडी’.

बाबा, खडीचं तुम्ही सांगितलं होतंत. दुष्काळी कामावर आजोबा खडी फोडायचे, तुम्ही पोरसवदा वयात टोपली वाहायचात, वर सुकडी मिळायची. बैल विकले होते. पण त्या वर्षी घरात संध्याकाळी काय वाचलं जायचं, ते कधी बोलला नाहीत. त्या पानावर आहे: अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ज्याचा गोठा खरोखरच रिकामा होता, त्या माणसाने या ओळींखाली रेघ मारलीय! रेघ सरळ नाही. दोनदा हललीय, एके ठिकाणी कागदात रुतलीय. दिवसभर हातोडा चालवलेला हात. त्या रेघेवर बोट ठेवलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मी मोकळी रडले.

मग पुढचं वाचलं. मला वाटलं होतं, पुढे पाऊस येईल, गुरं परत येतील. तसं काहीच नाही. संदेष्टा एवढंच म्हणतो, की परमेश्वर माझं बळ आहे, तो माझे पाय हरिणीच्या पायांसारखे करतो. चढण तीच राहते, पाय मिळतात. आई, इतकी वर्षं मी देवाकडे निकाल मागत होते. पाय कधी मागितलेच नाहीत.

परवा दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन आले. संडे स्कूलमध्ये पंडिता रमाबाईंचं काम शिकवलं, तिथलं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या मुली. त्यांच्या घरातली मरणं मात्र मी कधी ओळीने मांडून पाहिली नव्हती. आईवडील दुष्काळात गेले, १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा, आणि १९२१ साली एकुलती एक मनोरमा. १९२२ साली स्वतः जाईपर्यंत त्या शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. लेक गेल्यावर पुन्हा त्या कागदांपाशी बसताना त्यांना काय झालं असेल, हा विचार परतीच्या गाडीत डोक्यातून जाईना.

दुखतं अजून. यादीतल्या मैत्रिणीचा फोटो पाहिला की पोटात खड्डा पडतो. पुढे काय करायचं तेही ठरलेलं नाही. पण काल रात्री प्रार्थना केली, तुमच्यासारखी मोठ्याने, आणि ‘आमेन’ म्हणाल्यावर शांत झोप लागली.

शनिवारी दुपारच्या एस.टी.ने निघते. बाबा, आजोबांचं शास्त्र बरोबर आणते आहे. त्या वर्षातल्या संध्याकाळींबद्दल मला सगळं सांगा. आई, रविवारी देवळात तुझ्याशेजारी माझी जागा धर. गाताना आवाज फुटला नाही तर नुसती उभी राहीन.

तुमची,
बेबी