मामाशी भांडलास ते कळलं

बाळा,

परवा फॅमिली ग्रुपवर मुलींना शेतीत हिस्सा द्यायचा विषय निघाला, मामा सबुरीने घ्या म्हणाला, तर तू त्याला बुरसटलेला म्हणालास आणि ग्रुपच सोडून गेलास. मामाने फोन केला पण तक्रार नाही केली, "पोरगं लई तापलंय अक्का" एवढंच म्हणाला. तेव्हापासून मनात घोळतंय म्हणून लिहितेय, फोनवर मला एवढं सलग बोलता येत नाही.

मुलींच्या हिश्श्याचं तू बोललास ते बरोबरच होतं, मी स्वतः त्यातून गेलेय ना. माझं लग्न १९९१ चं. महाराष्ट्राने १९९४ ला कायदा केला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलगीही मुलासारखीच वाटेकरी, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या, म्हणजे मी बाहेर. मग केंद्राने २००५ ला आम्हालाही आत घेतलं. आजोबा २०१२ ला गेले आणि दोन महिन्यांत मी हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा उठवला. कागद कुणी वाचून दाखवला नाही, सगळ्यांना घाई होती, घरी आल्यावर मामीने हिरवी साडी देऊन ओटी भरली आणि अंगठ्याची शाई दोन दिवस साबणाने घासूनही गेली नाही. राजीखुशीने दिलं असं मी सगळ्यांना सांगते. तुला खरं सांगते, विचारलं असतं तर कदाचित दिलंही असतं, पण कुणी विचारलंच नाही.

तरी मामा वाईट नाही रे. साडेतीन एकराचे तुकडे पडले तर ऊस कशात लावायचा, ही त्याची भीती खोटी नाही. आजोबा चार वर्षं अंथरुणावर होते तेव्हा त्यांचं सगळं त्याने आणि मामीने केलं, सोसायटीचं कर्जही त्याच्याच नावावर. असं धरून बसणारं कुणी नसतं तर ती विहीर आणि ते घर कधीच विकलं गेलं असतं.

देशातही हेच झालं बघ. बाबासाहेबांचं हिंदू कोड बिल, म्हणजे हिंदूंचे लग्न, वारसा, दत्तक यांचे कायदे बदलून बायकांना हक्क देणारं, १९५१ ला संसदेत चर्चेला आलं, चार कलमं पास झाली आणि बाकीचं गुंडाळून ठेवलं, त्यांनी मंत्रिपद सोडलं. विरोध करणाऱ्यांत राष्ट्रपती राजेंद्र प्रसादही होते आणि त्यांचा एक मुद्दा मला आजही पटतो, की ही संसद सगळ्या प्रौढांच्या मतांवर निवडून आलेली नाही, एवढा मोठा बदल आधी लोकांपुढे जाऊ दे. पहिली निवडणूक झाली, नेहरू जिंकले, मग १९५५-५६ मध्ये त्याच बिलाचे चार वेगवेगळे कायदे होऊन पास झाले. लोकांपुढे जाऊन आले म्हणूनच ते टिकले असं मला वाटतं. पण त्या तडजोडीत मुलगी जन्माने वाटेकरी झालीच नाही, वर एक कलम असं की भाऊ राहत्या घराची वाटणी करत नाहीत तोवर बहिणीने मागायची नाही. ते जायला २००५ उजाडलं, म्हणजे ४९ वर्षं! थांबा म्हणणाऱ्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं, पण थांबायचं ठरवलं त्यांनी आणि थांबल्या बायका.

म्हणून सरकारात मला तुझ्यासारखेही हवेत आणि मामासारखेही. फक्त जो सबुरीने घ्या म्हणतो त्याला तिथल्या तिथे विचारायचं, किती दिवस, आणि तोवर सोसायचं कुणी? हे तू मामाला विचारलं असतंस तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. तू शिवी दिलीस आणि त्याची सुटका झाली.

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस गावी जा, त्याच्याबरोबर उसाला पाणी द्यायला जा आणि तिथे विचार. आणि आपल्या घराची वेळ येईल तेव्हा तुझ्या ताईपुढे तसला कागद ठेवायचा नाही. बाबांशी माझं बोलणं झालंय, त्यांनाही हे मान्य आहे.

तुझी आई